12,000 खुनी आया? जरा गणित तरी करा

आत्याने परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या एका कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) म्हणे सिद्ध केलं की तिथल्या आया, म्हणजे सख्ख्या आयाच, दरवर्षी 12,000 तान्ह्या बाळांचा खून करत होत्या, तोही विम्याच्या पैशासाठी, कायदा गप्प होता, आपल्याकडे असं कधीच झालं नाही, म्हणून बाळ पाळणाघरात टाकून नोकरीला जाणाऱ्या मुलींनी विचार करावा. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात तिला रुजू व्हायचंय. रात्री साडेअकराला तिचा मेसेज, ताई हे खरं आहे का गं? म्हणून लिहितेय.

आधी तो आकडा. कोरोनर खरा आहे, डॉ. एडविन लँकेस्टर, 1862 ते 1874 लंडनकडच्या मध्य मिडलसेक्स भागाचा कोरोनर. 12,000 हा आकडाही त्याचाच. पण तो म्हणाला होता की लंडनमध्ये बालहत्येचा ठपका ठेवता येईल अशा 12,000 आया असाव्यात, म्हणजे शहरात त्या वेळी हयात असलेल्या बायकांचा अंदाज. 'दरवर्षी' कुठून आलं? आणि सिद्ध कसलं, कोरोनर एका वेळी एका मृतदेहाची चौकशी करायचा, समोर ज्यूरी बसवून, बऱ्याचदा तर जवळच्या पबमध्ये. त्या काळी लंडनमध्ये वर्षाला साधारण लाखभर बाळं जन्मायची आणि हजारातली दीडशेच्या आसपास वर्षाच्या आत जायची, म्हणजे पंधरा-सोळा हजार. त्यातली 12,000 आयांनी मारली म्हटलं तर जुलाब, डांग्या खोकला, न्यूमोनिया, अपुऱ्या दिवसांची बाळं या सगळ्यांच्या वाट्याला उरतात तीन-चार हजार. अशक्य आहे हे.

त्यात तेव्हा बाळ मेलेलं जन्मलं की नंतर मेलं हे ठरवायला फुप्फुस पाण्यात टाकून बघायचे, तरंगलं तर बाळाने श्वास घेतला होता असं धरायचे. पण शरीर कुजायला लागलं की आतल्या वायूनेही ते तरंगतं, आणि विल्यम हंटर या डॉक्टरने ही शंका 1783 मध्येच काढली होती. असल्या पुराव्यावर कुठल्याशा घरी राबणारी अविवाहित मोलकरीण उभी केली जायची, जिची नोकरी पोट दिसायला लागलं की गेलेली असायची, आणि 1834 च्या कायद्याने मुलाचा भार जवळजवळ सगळा तिच्याच डोक्यावर टाकलेला, बाप मोकळा. ज्यूरीलाही हे दिसत होतं. म्हणून पुष्कळदा खुनाऐवजी जन्म लपवल्याचा गुन्हा लावायचे, त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं.

विम्याचं अर्धं खरं आहे, मान्य. गरिबांच्या दफन-क्लबांबद्दल (थोडी थोडी वर्गणी भरायची, घरात कुणी गेलं की दफनासाठी पैसे मिळायचे) ही भीती होतीच, म्हणून तर 1875 च्या कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलासाठी सहा पौंडांची मर्यादा होती. पण जन्मच कुणाला कळू नये म्हणून धडपडणारी बाई विमा कशाला काढेल? आणि पैसे घेऊन बाळं सांभाळायला घ्यायची नि उपाशी मारायची, हे धंदे होतेच. त्यासाठी मार्गारेट वॉटर्सला 1870 मध्ये फाशी झाली, 1872 मध्ये अशा ठिकाणांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा आला, तरी अमेलिया डायर पकडली गेली थेट 1896 मध्ये. म्हणजे कायदा उशिरा आला, अपुरा पडला, पण गप्प नव्हता. आणि ही गोष्ट वापरून आजच्या पाळणाघराला नावं ठेवणं चूक आहे, कारण वाईट घडलं ते देखरेख नव्हती म्हणून.

राहिलं 'आपल्याकडे कधीच नाही'. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते नाव तरी वाचा. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे काय उरायचं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बायका बाळ झोपून राहावं म्हणून अफूची बाळगोळी द्यायच्या, तिकडे तेच गॉडफ्रेज कॉर्डियल नावाच्या बाटलीतून चालायचं. दोन्हीकडे आईला कामावर जायचं होतं आणि बाळाजवळ बसायला कुणी नव्हतं.

बहिणीला मी रात्रीच सांगितलं, तू रुजू हो, पाळणाघर दोनदा न सांगता जाऊन बघ, बाकी कुणाचं ऐकू नकोस. आणि आत्या, तू हे वाचत असशील तर ती पोस्ट ग्रुपवरून काढ ना, प्लीज.