माती आणू नये

आज सकाळी पोराला घेऊन बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सुपरमार्केटात गेलो होतो. नाव लिहीत नाही, उगाच त्यांची जाहिरात नको. मुलांची किल्ला स्पर्धा होती. पार्किंगमध्ये मांडव, स्पीकर, फुगे. प्रवेश फुकट म्हणे, फक्त दीड हजाराचं बिल दाखवायचं. आणि फलकावर चौथा नियम : माती आणू नये.

किल्ला करायचा आणि माती आणायची नाही! फरशी खराब होते म्हणे.

फलक कन्नड आणि इंग्रजीत. त्याचं आता काही वाटत नाही, २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड लागतंच. पण उरलेल्या चाळीसात दोन ओळी मराठीला जागा होती की ओ! दिवाळीत किल्ले कुणाची पोरं करतात, हे बिल करताना बरोबर ठाऊक असतं यांना.

प्रत्येकाला थर्माकोलचा एक खोका दिला. चार कोपऱ्यांना चार सारखे बुरूज, मध्ये दरवाजा, वर झेंडा. झाला राजगड. शेजारच्या पोराचाही तोच राजगड. आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, माची कुठं लावायची?" पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या मीच त्याला पाठ करून दिलेल्या. खोक्यात एकही नव्हती. दोन तासांनी शिट्टी वाजली. परीक्षक कोण, तर तेलाच्या कंपनीचा सेल्समन.

शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला अण्णांचं किराणा दुकान होतं. घरात कन्नड, आमच्याशी मराठी. वसुबारसेच्या आधी आम्ही दुकानापुढं नुसते जाऊन उभे राहिलो की ते आतून साखरेची रिकामी पोती भिरकावायचे. "घेऊन जावा, पण दिवाळी झाली की झाडून परत आणून द्यायची." आम्ही एकही कधी परत दिलं नाही. दगडं रचायची, त्यावर पोतं, पोत्यावर चिखल, चिखलावर मोहरी. आठ दिवसांत डोंगर हिरवा. रात्री दुसऱ्या गल्ल्यांतली माणसं कडेवर पोरं घेऊन बघायला यायची, तेव्हा अण्णा दुकान बंद करायचं सोडून त्यांना कुठला गड, कुठली माची ते समजावत बसायचे. बिल विचारत नव्हते कुणाला.

बरं, मान्य. आज जमलेल्यांत निम्म्या मुली होत्या. आमच्या वेळी मुलींनी पाणी आणायचं आणि मोहरी पेरायची, किल्ला 'आमचा'. बहीण हे वाचून कमेंट टाकणारच, म्हणून आधीच लिहून टाकतो. आणि अपार्टमेंटमधल्या पोरांनी अंगण आणायचं कुठून, हाही प्रश्न आहेच.

पण एका वर्षी, नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, धो धो पाऊस आला. सकाळी आम्ही रडकुंडीला येऊन पळत बाहेर आलो तर किल्ल्यावर ताडपत्री! अण्णांच्या दुकानापुढच्या मालावरची. त्यांची ब्याडगी मिरचीची दोन पोती भिजून गेली होती. बायको कन्नडमध्ये त्यांचा उद्धार करत होती आणि ते नरकासुरासारखे उभे राहून हसत होते.

आज पाऊस आला असता तर ताडपत्री ट्रॉल्यांवर पडली असती. लिहून घ्या.

अण्णांचं दुकान बंद झालं. सुपरमार्केटांनी बंद पाडलं असं मी दहा वेळा तरी चारचौघांत बोललोय. पण शेवटच्या काही वर्षांत मी तिथून काडेपेटी आणि कधीमधी कोथिंबिरीपलीकडं काय घेतलं? महिन्याचं सामान कुठून येतंय, ते आजच्या बिलावर छापलेलंच आहे. आणि किल्ल्याच्या जागी आता गाडी उभी असते. माझ्या भावाचीच.

पोराला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. खूश आहे. प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवलंय, थर्माकोलचा राजगड टीव्हीशेजारी. मघाशी झोपताना म्हणाला, "माचीवाला करूया का आपण?"

तर मंडळी, येळ्ळूरच्या बाजूला कुणाचं शेत असेल तर दोन बुट्ट्या तांबडी माती हवी आहे, उद्या सकाळी येतो. भावाला गाडी काढायला सांगितलंय, तो कुरकुरतोय, काढेल. आणि कुणाकडं गोणपाटाची चार पोती असतील तर सांगा. प्लास्टिकची नकोत, त्यावर चिखल धरत नाही. परत मिळतील असं काही कबूल करत नाही.