लोणारच्या त्या फॉरवर्डमधलं काय टिकतं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. विवर 52,000 वर्षांपूर्वीचं, जगात तिसरं मोठं, 1823 मध्ये इंग्रजानं शोधलेलं. उल्का अजून तळाशी पडून आहे म्हणून कंपास फिरतो, आणि 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं ते लोणासुराचं रक्त वर आल्यामुळे. काठावर गाइडही हेच सांगतात, आणि सहलीहून परतलेली पोरं निबंधातही हेच उतरवतात.

'तिसरं मोठं' दोन ओळींत निकालात निघतं. लोणारचा व्यास सुमारे 1.8 किमी. व्रेडेफोर्ट, सडबरी, चिक्शुलूब ही विवरं शंभर किलोमीटरच्या वरची. बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडातलं, सगळ्यात मोठं म्हणावं, तर ब्राझीलमधलं वार्जियाओ 12 किमीच्या आसपास आहे.

इंग्रजानं शोधलं? अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्यानं 1823 मध्ये नोंद केली, एवढंच खरं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याच्या कित्येक शतकं आधीचं, आणि लोणारचा उल्लेख सोळाव्या शतकातल्या ऐन-ए-अकबरीतही येतो. ज्या तळ्याचा खार लोक काढत होते, ते हरवलं होतं कधी?

52,000 चा आकडा मात्र गावगप्प नाही. आघातात तयार झालेल्या काचेवर थर्मोल्युमिनिसन्स पद्धतीनं तो काढला होता. या पद्धतीत खनिजात किरणोत्साराचा परिणाम साठत जातो, पण एका मर्यादेनंतर खनिज 'भरतं' आणि वय कमी दिसू शकतं. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीनं, म्हणजे दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजून, 5,70,000 वर्षं आली, 47,000 इकडेतिकडे. म्हणजे दहापटीहून जास्त फरक. पाटीवर आकडा घालायचाच असेल तर पद्धतीच्या नावासकट दोन्ही घाला.

उल्का तळाशी नाही. एवढ्या वेगानं आदळणाऱ्या दगडाचा बहुतेक भाग तिथल्या तिथे वितळतो, वाफ होतो. 1970 च्या दशकात तळात बोअर घेतले तेव्हा गाळाखाली चुरडलेला बेसॉल्ट लागला, त्यात मास्केलिनाइट सापडलं. हे फेल्डस्पार खनिजाचं, धक्क्याच्या दाबानं झालेलं काचरूप. ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. विवर उल्कापाताचंच, हे ठरलं ते अशा पुराव्यावर.

रक्ताचं मूळ कथेत आहे. विष्णूनं अंगठ्यानं लोणासुराच्या बिळाचं झाकण उडवलं, ते दूर ढाकेफळजवळ पडून टेकडी झालं. तळ्याचं पाणी त्याचं रक्त, खार त्याचं मांस. कथा म्हणून ती झकास आहे, आणि खाऱ्या पाण्याचं गावकऱ्यांनी दिलेलं उत्तरही. पण विवरातून उडालेला दगड सापडतो तो भोवतीच, काठापासून साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत. ढाकेफळपर्यंत अख्खं झाकण जात नसतं. 2020 च्या जूनमधल्या रंगाचं कारण पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं: पाणी कमी, खारटपणा जास्त, त्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. नमुना स्थिर ठेवला की जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. पाण्यातच रंग विरघळलेला असता तर तसं झालं नसतं.

राहिला कंपास. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, त्यामुळे दगडाला टेकवल्यावर सुई थोडी सरकू शकते, अजिंठ्याच्या डोंगरातही. करून बघायचं तर कंपास आधी दगडावर ठेवा, मग तिथेच कमरेच्या उंचीवर आडवा धरा आणि दोन्ही वाचनं लिहा. वर धरल्यावर सुई जागेवर आली तर परिणाम त्या दगडाचा. नाही आली तर आधी लोखंडी कठड्यापासून दहा पावलं लांब जा आणि मोबाइलचं चुंबकी कव्हर काढा. फोनमधला कंपास असेल तर हातानं आठचा आकडा काढून तो कॅलिब्रेट करा, मग पुन्हा बघा.