एनडीआयएसमधले बदल: एका प्रतिसादाला सविस्तर उत्तर

नमस्कार,

एनडीआयएसवरच्या माझ्या आधीच्या लेखावरचा तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एनडीआयएसचा, म्हणजे अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी पैसे देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी योजनेचा, खर्च हाताबाहेर गेलाय, ऑटिझमचा त्रास कमी असलेल्या मुलांसाठी ही योजना कधी नव्हतीच, लबाड लोक हात धुऊन घेतायत आणि करदात्यांच्या पैशावर भावनेच्या भरात लिहिणं सोपं असतं. ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मंडळींत हे दबक्या आवाजात बोललं जातंच. तुम्ही उघड लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतेय.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. २०११ मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेने ही योजना सुचवली, तेव्हा साधारण ४ लाख १० हजार लोकांचा हिशोब धरला होता. आज सात लाखांहून जास्त लोक योजनेत आहेत आणि वर्षाचा खर्च ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेलाय. सहा वर्षांच्या मुलग्यांपैकी १६ टक्के योजनेत आहेत, असं आरोग्यमंत्री मार्क बटलर यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. हे असंच चालू द्यावं, असं मी आधीच्या लेखातही म्हटलेलं नाही.

पण एवढी मुलं योजनेत आली कशी, हे बघायला नको का? एनडीआयएस आली तशा राज्यांनी स्वतःच्या बऱ्याच सेवा गुंडाळल्या आणि तो पैसा इकडे वळवला. तीन वर्षांचं मूल बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, अशा वेळी आईवडिलांनी जायचं कुठे? खासगी स्पीच थेरपी दर आठवड्याला परवडत नाही. एकच दार उघडं होतं, तिथे सगळे गेले. ब्रूस बॉनीहाडी आणि लिसा पॉल यांनी सरकारसाठी केलेल्या योजनेच्या २०२३ च्या आढाव्यातही हेच निदान आहे: योजनेबाहेर मदत जवळजवळ उरलेलीच नाही, ती आधी उभी करा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र आणि राज्यं दोघांनी ते मान्य केलं. २०२५ च्या मध्यापासून या सेवा सुरू व्हायच्या होत्या. पैसे कोणी किती द्यायचे यावरून घोडं अडलं, आणि झाल्या नाहीत.

मग थ्रायव्हिंग किड्सची घोषणा झाली. विकासात थोडं मागे असलेली आणि मदतीची गरज कमी ते मध्यम असलेली नऊ वर्षांखालची मुलं एनडीआयएसऐवजी तिकडे जाणार. केंद्राचे दोन अब्ज डॉलर, राज्यांनीही तेवढेच घालायचे. कल्पना चांगली आहे. पाळणाघरात, शाळेत, घराजवळ मदत मिळत असेल तर कुठल्या आईला दोनशे पानांची फाईल तयार करायची हौस असते? माझा आक्षेप क्रमाला आहे. सुरुवात आधी जुलै २०२६ म्हणाले, मग ती ऑक्टोबरवर गेली. तारखा सरकतायत ते नवी सेवा अजून उभी नाही म्हणून. सरकारला थांबता येतं, तीन वर्षांच्या मुलाला थांबता येत नाही.

त्यात गावागावांतला फरक. मेलबर्नच्या उपनगरात थेरपिस्ट मिळून जाईल. पाचशेहून जास्त किलोमीटरवरच्या मिल्ड्यूरात कोण जाणार? जुलै २०२५ पासून थेरपिस्टच्या प्रवासाच्या वेळेचे निम्मेच पैसे लावता येतात. फिजिओथेरपीचा दरही तासाला दहा डॉलरने कमी करून १८३.९९ वर आणलाय. दोन तास गाडी चालवून एका मुलासाठी जाणारी ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) अशाने जाणं बंद करते, आणि कागदावर मात्र त्या मुलाचं फंडिंग तसंच दिसत राहतं.

लबाडीचं म्हणाल तर ती मलाही तितकीच झोंबते. पण ती मुख्यतः बिलांत आहे. न दिलेल्या तासांची बिलं, फुगवलेले दर. बहुतेक प्रोव्हायडर नोंदणीकृतच नाहीत, तिथे सरकारने पूर्ण जोर लावावा. मुलाला अधिक कडक तपासणीला बसवून खोटं इनव्हॉइस सापडत नाही.

आता त्या तपासणीबद्दल, कारण तुमच्या प्रतिसादातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य तिथलंच आहे: "दिसायला तर ही मुलं नॉर्मल असतात." माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, म्हणजे थ्रायव्हिंग किड्स त्याला लागू नाही. अनोळखी माणसाशी तो दहा मिनिटं सुरेख बोलतो. आगगाड्यांबद्दल विचारलंत तर अर्धा तास. तोच मुलगा मोज्याची शिवण बोटाला टोचते म्हणून सकाळी पाऊण तास दारात बसून असतो, आणि शाळेत फायर अलार्म वाजला तेव्हा थेट रस्त्यावर धावत गेला होता. एनडीआयएसमध्ये त्याच्या मदतीचा प्लॅन ठरतो त्या वेळी हे सगळं मला लिहून द्यावं लागतं, त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांची यादी करावी लागते. कुठल्याही आईला ते जड जातं.

नव्या पद्धतीत, सुरुवातीला सोळा वर्षांवरच्यांसाठी, आय-कॅन नावाच्या साधनावरून गरजा मोजणार आणि त्यावरून बजेट ठरणार. साधन अभ्यासू लोकांनी बनवलंय, माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण काही तासांच्या मुलाखतीत मोज्याची शिवण दिसत नाही. वर्षानुवर्षं मुलाला बघणाऱ्या ओटीचा रिपोर्ट तिथे वजनाने धरला गेला पाहिजे. आणि बजेट चुकलं तर ते बदलण्याचा पूर्ण अधिकार अपिलं ऐकणाऱ्या ट्रिब्युनलकडे पाहिजे, नुसतं "पुन्हा मोजा" म्हणण्याचा नव्हे. २०२१ मध्ये असाच स्वतंत्र मूल्यमापनाचा घाट घातला होता, तो विरोधामुळे मागे घ्यावा लागला. रोबोडेटमध्ये, म्हणजे सरकारी भत्ता घेणाऱ्यांवर संगणकी हिशोबाने चुकीची वसुली लादणाऱ्या योजनेत, सूत्रावर आंधळा विश्वास ठेवून काय झालं, हे रॉयल कमिशन या चौकशी आयोगाने २०२३ मध्ये लिहून ठेवलंय. ही भीती आम्ही कल्पनेतून काढलेली नाही.

करदात्यांबद्दल. या योजनेसाठी जुलै २०१४ पासून मेडिकेअर लेव्ही (उत्पन्नावरचा आरोग्यसेवेसाठीचा कर) दीड टक्क्यावरून दोन टक्के झाली. ती तुम्ही भरता, मीही भरते. आपल्यातली टेम्पररी व्हिसावरची कुटुंबंही इन्कम टॅक्स भरतात, पण त्यांच्या मुलांना एनडीआयएसमध्ये प्रवेशच नाही. थ्रायव्हिंग किड्सने त्या मुलांना व्हिसा न विचारता घेतलं, तर त्याचं स्वागत करणाऱ्यांत मी पहिली असेन.

"मग तुमचं म्हणणं तरी काय?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. ज्या भागात नवी सेवा खरोखर सुरू झाली आहे, तिथे किती आठवड्यांत पहिली भेट मिळते हे सरकारने जाहीर करावं, आणि त्यानंतरच त्या भागातल्या मुलांसाठी एनडीआयएसचं दार बंद करावं. तुमच्या भागात आज लहान मुलांच्या स्पीच थेरपीला किती वेटिंग आहे, हे दोन-तीन क्लिनिकना फोन करून विचाराल का? जे उत्तर मिळेल ते इथे लिहा, मग त्यावर बोलू.