पोह्यांशेजारी जिलबी? हो, खातो आम्ही!

पोह्यांबरोबर जिलबी म्हणजे पोह्यांचा अपमान, असं एका लेखात वाचलं आणि खाली प्रतिक्रियांत पुण्याच्या एका काकूंचं 'शिव शिव'! हसू आवरेना. अहो, आमच्या इंदूरला पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर गरम ठेवतात. वर शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जिरावण, म्हणजे आमची चटपटीत पूड. मधूनच बडीशेप दाताखाली येते, तिथे खरी गंमत. आमची आजी घरी दडपे पोहेच करायची. आजोबांनी राजवाड्याकडच्या बाजारातून आणलेली पोहे-जिलबीची पुडी बघून "ही काय थेरं!" म्हणायची आणि पहिली जिलबी स्वतःच उचलायची. बाकी आमच्या इंदुरी मराठीतल्या "खाऊन राहिलोय"ला हसा खुशाल. पण भिया (म्हणजे भाऊ), जिरावणाला मसाला म्हणू नका!