डीपहोम: घर की कोठडी? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘चार तत्त्वांच्या चार कोठड्या’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. खेळ मनापासून खेळलेल्या माणसाची ती आहे हे लगेच कळतं. खाली दोन ओळींत आभार मानून विषय संपवणं बरं वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या कथेत अझेरॉथ या जगाचे मूळ रहिवासी म्हणजे एलिमेंटल, अग्नी, वारा, पाणी, माती या तत्त्वांचे जीव. त्यांचे चार अधिपती: अग्नीचा रॅग्नारोस, वाऱ्याचा अल-अकीर, पाण्याचा नेप्ट्युलॉन आणि मातीची थेराझेन. टायटन नावाच्या देवतुल्य महाकायांच्या सैन्यानं त्यांना हरवलं आणि जगाबाहेर चार प्रदेशांत कोंडलं. फायरलँड्स, स्कायवॉल, अ‍ॅबिसल मॉ आणि डीपहोम हे ते प्रदेश. ही शिक्षा अन्यायाची होती असं मी लिहिलं होतं, आणि जाता जाता बळीराजाची आठवण काढली होती. तुमचं म्हणणं असं की, एक तर ही कैद नव्हेच, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या तत्त्वाचं घर मिळालं. दुसरं, हे चौघे एकमेकांच्या जिवावर उठलेले होते आणि ओल्ड गॉड्स या जग ग्रासणाऱ्या दुष्ट शक्तींचे सेनापती होते, त्यांना कोंडलं नसतं तर अझेरॉथवर जीवसृष्टीच उभी राहिली नसती. तिसरं, बळी दानशूर होता, त्याच्या पंगतीला रॅग्नारोस बसवणं चूक. आणि शेवटी, खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीला नवे डंजन, म्हणजे खेळाडूंनी गटानं लढायच्या जागा, हव्या होत्या म्हणून हे प्रदेश बनले, त्यात एवढं शोधू नये.

आधी माझी चूक. ‘टायटनांनी स्वतःच्या हातांनी हे तुरुंग बांधले’ असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. टायटन खाली उतरलेच नाहीत. आपल्या अवाढव्य शरीरांनी जगालाच इजा होईल या भीतीनं लढाईचं काम त्यांनी कीपर नावाच्या आपल्या सेवकांवर सोपवलं. रॅग्नारोसला टिर आणि ओडिननं मागे रेटलं, थेराझेनशी आर्केडस आणि फ्रेया लढले, अल-अकीरशी थोरिम आणि होडिर, नेप्ट्युलॉनशी लोकेन आणि मिमिरॉन. कोंडायला जागा तयार केली ती कीपर रा यानं, हेल्या नावाच्या जादूगारणीच्या मदतीनं. मूळ लेखात ही दुरुस्ती केली आहे.

पण ही चूक दुरुस्त करताना मला जे दिसलं, त्यानं माझं मत आणखी पक्कं झालं. हेल्याचं पुढे काय झालं ते आठवा. ओडिनला स्वतःचं वेगळं सैन्य हवं होतं. त्यासाठी त्यानं हेल्याकडून उल्डुआर या कीपरांच्या किल्ल्याचा एक भाग उचलून आकाशात नेऊन ठेवला. मग मेलेल्या योद्ध्यांचे आत्मे आणायला कोणीतरी हवं होतं. हेल्यानं नकार दिला, तेव्हा मुलीसारख्या असलेल्या त्या हेल्याचं शरीर मोडून त्यानं तिला पहिली वाल्किर, म्हणजे आत्मे वाहून आणणारी दासी, केलं. पुढे लोकेननं तिला त्या बंधनातून सोडवल्यावर तिनं काय केलं? ओडिनला त्याच्याच हॉल्स ऑफ व्हॅलरमध्ये, म्हणजे आकाशातल्या त्या दालनात, आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं.

आता तुमचा पहिला आक्षेप या दालनाला लावून बघा. तिथे ओडिनला काय कमी होतं? सोन्याची छतं, मेजवान्या, शिकारीला राखीव रान, त्याच्यावर जीव टाकणारे हजारो योद्धे. ते त्यानं स्वतः मागून घेतलेलं, स्वतःच्या आवडीचं घर होतं. तरीही २०१६ च्या ‘लीजन’ या खेळाच्या विस्तारात ओडिनला आपण ‘घरी बसलेला’ म्हणत नाही. खेळ त्याला कैदी म्हणतो, तोही स्वतःला कैदी म्हणतो, आणि त्याच्या सुटकेसाठी आपण ट्रायल ऑफ व्हॅलरच्या रेडमध्ये, म्हणजे अनेक खेळाडूंनी मिळून करायच्या मोहिमेत, हेल्याला मारायला जातो. मीही गेले होते. तेव्हा एकाही खेळाडूनं असा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही की त्याला त्याच्या तत्त्वाचं घर मिळालं आहे ना, मग तक्रार कसली. जी मोजपट्टी ओडिनला लावतो ती थेराझेनला का लावायची नाही? डीपहोम तिच्या मातीचं आहे, स्फटिकांनी भरलेलं आहे, तिथे तिची लेकरं आहेत, हे सगळं खरं. पण ते दार तिनं बंद केलेलं नाही.

थेराझेनला बाहेर यायचंच नाही, असं तुम्ही म्हणता. ‘कॅटॅक्लिझम’ या २०१० च्या विस्तारात ती बाहेर पडायची धडपड करताना दिसत नाही, हे मान्य. पण ती चिडलेली का आहे ते आठवा. तिची मुलगी थेराड्रस मॅरॉडन या डंजनमध्ये आपल्यासारख्या खेळाडूंच्या हातून मेली. त्याच्या बऱ्याच आधी डेथविंग हा वेडा ड्रॅगन तिच्या राज्यात येऊन लपला, ट्वायलाइट्स हॅमर या पंथाच्या लोकांनी तिथेच त्याच्या अंगावर धातूचे पत्रे ठोकले, आणि २०१० मध्ये तो बाहेर पडला तो डीपहोमचं छत फोडून, डीपहोमला तोलून धरणाऱ्या वर्ल्ड पिलर या खांबाचे तुकडे करून. आपण तिथे जातो तेही त्या खांबाचे तुकडे मागायला, कारण खांब नसेल तर डीपहोम अझेरॉथवर कोसळेल. म्हणजे भिंत तिच्यासाठी पक्की होती आणि बाकी ज्याला वाटेल त्याच्यासाठी उघडी. डेथविंग आत आला, त्याचे पंथवाले आले, आपण आलो. रॅग्नारोसचंही तेच. त्याला बाहेर ओढलं ते थॉरिसन या ड्वार्फ राजानं, स्वतःचं युद्ध जिंकण्यासाठी, आणि त्यातून ब्लॅकरॉक पर्वत फुटला. एलिमेंटल आपणहून कोठडी फोडून बाहेर आले असं या कथेत फार कमी वेळा घडतं. बहुतेक वेळा बाहेरचा कोणीतरी गरजेपोटी दार उघडतो, आणि मग जे जळतं त्याचा ठपका आतल्यावर येतो.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एलिमेंटल निष्पाप होते असं मी म्हणत नाही, मूळ लेखात तसा सूर लागला असेल तर तो मागे घेते. तुम्ही दिलेलं थंडरानचं उदाहरण बिनतोड आहे. अल-अकीरच्या या मुलाला रॅग्नारोसनं हरवलं, त्याची शक्ती गिळली, उरलेलं सत्त्व ताईतात कोंडून त्याचे दोन भाग केले आणि ते गार आणि गेडन या आपल्या सरदारांना सांभाळायला दिले. कैद करणं रॅग्नारोसलाही छान जमत होतं.

पण ते एवढे पिसाळलेले का होते? ‘क्रॉनिकल’ या खेळाच्या अधिकृत कथाग्रंथाच्या २०१६ मधल्या पहिल्या खंडात याचं कारण दिलेलं आहे आणि त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. अझेरॉथच्या पोटात एक टायटन वाढतो आहे. त्या गर्भानं वाढताना जगातलं पाचवं तत्त्व, स्पिरिट, जवळपास सगळं शोषून घेतलं. आपल्याकडे पाचवं महाभूत आकाश, इथे पाचवं ते चैतन्य म्हणा, प्राण म्हणा. बाकीच्या चारांना तोलून धरणारं तेच होतं. ते गेलं आणि उरलेली चार एकमेकांवर तुटून पडली. म्हणजे जे बाळ सुरक्षित राहावं म्हणून टायटनांनी एलिमेंटलांना जगाबाहेर काढलं, त्याच बाळामुळे त्यांचा तोल गेला होता. त्यावर ओल्ड गॉड्स आले, त्यांनी चौघांना लढाईत हरवून गुलाम केलं. तुम्ही त्यांना ‘सेनापती’ म्हणता. माझ्या मते ते जोखडाखालचे बैल होते. मालक हरला, तेव्हा बैलांनाही मालकाच्याच गुन्ह्याची शिक्षा झाली.

आणि हे सगळं आपल्याला सांगतं कोण? ‘क्रॉनिकल’ टायटनांच्या दृष्टीतून लिहिलेलं आहे असं ब्लिझार्डच्या कथाकारांनीच पुढे स्पष्ट केलं. जेलरच्या रजिस्टरवरून कैद्याची वर्तणूक ठरवताना एवढं तरी लक्षात ठेवायला हवं. त्या रजिस्टरमध्येसुद्धा स्पिरिटची नोंद सापडते, हे मला विशेष वाटतं.

‘मग दुसरं काय करायचं होतं?’ असं तुम्ही विचारलं आहे. सुरुवातीच्या त्या युद्धात दुसरा मार्ग होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित कोंडावंच लागलं असतं. पण युद्ध संपून युगं लोटली. नंतर कधी एखादा कीपर डीपहोमच्या दाराशी जाऊन बोलल्याचं मला कुठे दिसलं नाही. ते काम केलं शमनांनी, म्हणजे तत्त्वांशी बोलणाऱ्या मांत्रिकांनी. शमन आग मागतो, पाऊस मागतो, आणि समोरचा नाही म्हणू शकतो हे गृहीत धरतो. ‘लीजन’मध्ये शमन घेऊन खेळला असाल तर मेलस्ट्रॉम या समुद्रातल्या महाभोवऱ्याच्या मधोमध काय घडतं ते तुम्हाला माहीत आहे. थेराझेन, नेप्ट्युलॉन, अल-अकीरच्या जागी थंडरान, रॅग्नारोसच्या जागी स्मोल्डेरॉन, चारही सत्तांशी बोलणी करून त्यांना एका युद्धासाठी एकत्र आणलं जातं. हाच स्मोल्डेरॉन २०२३ मध्ये फिराक या खलनायक ड्रॅगनच्या बाजूनं उभा राहिला हे तुम्ही दाखवून द्याल, त्याआधी मीच सांगते. विश्वास ठेवला की कधी कधी दगा होतो. पण बाकीच्या तिघांना त्याचा हिशेब का द्यायला लावायचा?

डंजनची गरज होती, हे तर उघड आहे. नेप्ट्युलॉनच्या अ‍ॅबिसल मॉसाठी ठरलेली रेड रद्द झाली आणि थ्रोन ऑफ द टाइड्स या डंजनमध्ये ओझुमॅट हा समुद्री राक्षस त्याला उचलून नेतो तिथेच त्याची गोष्ट कितीतरी काळ लटकत राहिली. निर्मितीच्या अडचणी कथेला आकार देतात, मान्य. पण जे जग शेवटी आपल्या हाती आलं त्यात मी तासन् तास फिरले आहे, त्याबद्दल विचार करण्याचा हक्क मी सोडणार नाही.

राहिला बळी. रॅग्नारोसशी त्याची तुलना करण्यात माझी चूक झाली, ती ओळ काढली आहे. रॅग्नारोसनं कोणाला काही दान दिलं नाही. पण बळीची आठवण मी लेखातून पूर्ण काढणार नाही, कारण तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर तिथेच आहे. भागवतात बळीला मिळालेलं सुतल हे स्वर्गातल्यांनाही हेवा वाटावा असं आहे, आणि दारावर पहारेकरी म्हणून खुद्द विष्णू. याहून चांगलं घर कोणाला मिळणार? तरी माझी आजी पाडव्याला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असंच म्हणायची. बळी सुतलात सुखात आहे, आता त्याला तिथेच राहू दे, असं ती कधी म्हणाली नाही.

पुढच्या लेखात स्कायवॉलबद्दल लिहिणार आहे. तिथला अल-अकीर त्याच्याच राज्यात मारला गेला, आणि एलिमेंटल स्वतःच्या प्रदेशात मेला की परत येत नाही. बाहेर मेला तर निदान आपल्या प्रदेशात परततो. या नियमाचा अर्थ काय लावायचा यावर मी अजून अडकले आहे. तुमचं मत माझ्या विरुद्ध असेल तरी जरूर लिहा, मला ते हवं आहे.