यूचं पांढरं लाकूड फेकू नका

दसरा जवळ आला की सोलापुरातल्या आमच्या धनुर्विद्येच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतं. यंदा तीन पालकांनी ते मला पाठवलं. मजकूर असा: खरं धनुष्य यू झाडाचंच, ते जगातलं सगळ्यात कणखर लाकूड, त्याचा लाल गाभा घ्यायचा, पांढरं टाकून द्यायचं, इंग्रज घरच्या यूवर लढाया जिंकले, बांबूचं धनुष्य म्हणजे पोरखेळ, यू हिमालयातून मागवा.

पांढऱ्या लाकडाचा सल्ला सगळ्यात घातक. तो सुचला कुठून, तेही कळतं. आपला सुतार सागाचं पांढरं काढून टाकतो, कारण त्याला कीड लागते. पण खिडकीच्या चौकटीला वाकायचं नसतं. एखादी ओली फोक वाकवून बघा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. यूचा गाभा दाब छान सोसतो, सालीलगतचं पांढरं ताण सोसतं. म्हणून इंग्रजी लांब धनुष्यात पांढरा थर लक्ष्याकडे आणि गाभा धनुर्धराकडे असतो. नुसत्या गाभ्याचंही धनुष्य होतं, नाही असं नाही. पण झाडानेच दोन थर जोडून दिलेत तर ते तासायचे कशाला?

तुर्की आणि मुघल कारागिरांनी हाच मेळ हाताने साधला: आत शिंग, मधे लाकूड, बाहेर जनावरांच्या स्नायूंचे तंतू. यूवाचून त्यांचं काही अडलं नाही. डेन्मार्कच्या होल्मेगार्डला सापडलेली सुमारे 9000 वर्षांपूर्वीची धनुष्यं तर एल्म नावाच्या दुसऱ्याच झाडाची आहेत. तेव्हा ‘यूचंच’ हा हट्ट सोडा.

‘कणखर’ म्हणाल तर आपली बाभूळ यूपेक्षा टणक. यूचं मोठेपण वेगळं: तो फारसा ताठ नाही, पण खूप वाकून पुन्हा सरळ होतो. 1545 मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्रजांचं लढाऊ जहाज 1982 मध्ये वर काढलं; त्यावरची शंभरावर धनुष्यं यूचीच होती. यू भारी आहे, यात वाद नाहीच.

मात्र ‘घरचा’ यू? इंग्लंडने 1472 मध्ये कायदा करून परदेशी मालाच्या जहाजांना टनामागे धनुष्याच्या चार फळ्या आणायला लावलं. घरात पुरेसा असता तर ही सक्ती कशाला?

बांबूचं म्हणाल तर त्याचे दाट धागे सालीकडे असतात, म्हणजे ताण सोसायची सोय त्यालाही आहे. देशातल्या स्पर्धांत इंडियन राउंड या प्रकारात मुलं बांबूच्याच धनुष्यांनी नेम धरतात. पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा मैदानावर येऊन दोरी कानापर्यंत ओढून दाखवावी.

आता हिमालयातून मागवायचं. तिथला यू, म्हणजे थुनेर, संकटात आहे. कर्करोगावरच्या औषधासाठी त्याची साल-पानं इतकी ओरबाडली गेली. शिवाय झाड विषारी, तासताना भुसाही नाकात जाऊ देऊ नये. आणि एवढं करून आणलेली फळी सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवाल, तर तिची कडक भाकरी होईल. फार वाळलेलं लाकूड वाकत नाही, तुटतं.