ओव्हरहेडबद्दल विचारायचं असतं

परवा रात्री एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिला एएनआरएफची, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट मंजूर झाली आहे. तीन वर्षांसाठी जास्तीत जास्त ६० लाख, ओव्हरहेड वेगळा. तालुक्याच्या गावात आठवड्याचे सगळे तास घेऊन हे मिळवणं म्हणजे खायचं काम नाही. मी अभिनंदन करत होतो तेवढ्यात तिचा आवाज उतरला. "सर, ऑफिसात म्हणाले, ओव्हरहेड संस्थेचा असतो, तुम्ही त्यात पडू नका. खरंच विचारायचं नसतं का?"

विचारायचं असतं. ही पोस्ट तेवढ्यासाठीच.

ज्यांचा या व्यवहाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रँटच्या मंजुरीपत्रात उपकरणं, केमिकल्स, प्रोजेक्टवरच्या मुलाची फेलोशिप, प्रवास असे रकाने असतात आणि एक रकाना ओव्हरहेडचा. आपल्याकडे तो साधारण दहा टक्क्यांच्या घरात असतो. लॅबमुळे संस्थेवर जो बोजा पडतो, म्हणजे वीज, पाणी, इंटरनेट, हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा वेळ, त्यासाठी हे पैसे येतात.

आता माझं. २०१९ साली मला एसईआरबीची, म्हणजे एएनआरएफच्या आधीच्या संस्थेची, स्टार्ट-अप रिसर्च ग्रँट मिळाली. दोन वर्षं, कमाल ३० लाख. नोकरीला लागून दीड वर्षही झालं नव्हतं. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतले जिवाणू गोळा करायचे आणि त्यातले मीठ सोसणारे कोणते ते शोधायचं, असं काम. नमुने उणे ८० च्या फ्रीझरमध्ये, छोट्या नळ्यांत ठेवलेले. मे २०२२ मध्ये वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली. वॉचमनकाकांचा फोन आला तेव्हा दीड वाजला होता. कॉलेजात जनरेटर होता, डिझेलही होतं. पण त्याची केबल प्रशासकीय इमारतीपर्यंतच. आमच्या लॅबपर्यंत आलेलीच नव्हती. मी आणि प्रोजेक्टवरचा मुलगा थर्माकोलच्या पेट्या आणि बर्फ घेऊन रात्रभर बसलो. लाईट आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर फ्रीझरवरचा आकडा उणे १२ झाला होता. पुढच्या महिन्यात एकेक नळी प्लेटवर लावून बघितली. चाळीसच्या आसपास परत वाढल्याच नाहीत. काही शेतकऱ्यांनी तोवर जमिनीत चर काढून निचऱ्याचं काम केलं होतं. ती माती आता पूर्वीसारखी नाही, म्हणजे ते नमुने कायमचे गेले.

केबल टाकायचा खर्च मी आधीच काढून दिला होता. सत्तर हजारांच्या आत होता. उत्तर आलं, "तरतूद नाही." प्रोजेक्ट बंद करताना हिशेबाचे कागद हातात आले तेव्हा एक ओळ दिसली : ओव्हरहेड, संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात वर्ग. रक्कम केबलच्या तिपटीहून जास्त. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. ते कुठल्यातरी खऱ्याच गरजेला गेले असणार. पण ज्या लॅबच्या नावावर आले तिच्यापर्यंत त्यातला रुपयाही पोचला नाही, आणि ते आले होते हेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही.

संस्थांची बाजूही मला दिसते. वेतनेतर अनुदानाची, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चासाठी सरकारकडून येणाऱ्या पैशांची, अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. जे भाऊसाहेब माझं युटिलायझेशन सर्टिफिकेट (ग्रँट कशी खर्च झाली त्याचा दाखला) तयार करायचे, तेच महाडीबीटीच्या शिष्यवृत्त्या आणि परीक्षेची बिलंही बघायचे. दहा टक्क्यांत स्वतंत्र माणूस नेमता येत नाही. युरोपियन रिसर्च कौन्सिल थेट खर्चाच्या वर सरसकट २५ टक्के देते. अमेरिकेत दर वाटाघाटीने ठरतात आणि पुष्कळ चढे असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ते १५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि कोर्टाने ते रोखलं. आणि तिथेही नवख्या संशोधकांच्या के ग्रँट्सवर संस्थेला ८ टक्केच मिळतात. म्हणजे ज्याच्या पाठीशी उभं राहायला हवं, त्याच्यासाठीच सगळ्यात कमी.

तेव्हा ओव्हरहेड वाढवा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पंधरा करा, वीस करा. मात्र त्यातला निम्मा तरी त्या प्रोजेक्टच्या खात्यालाच राहू द्या. दुरुस्ती, बॅकअप आणि अर्धवेळ हिशेबनीस यांच्यासाठी. आणि वर्षाअखेरीला उरलेल्याचा हिशेब एका कागदावर संशोधकाच्या हातात द्या.

हे आपोआप होणार नाही, कारण विचारणारा माणूस कोण असतो ते बघा. प्रोबेशन नुकतंच संपलेलं असतं किंवा संपायचं असतं. कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल ज्या टेबलावरून पुढे जायची, त्याच टेबलावर ओव्हरहेडचा प्रश्न ठेवायचा. वीस वर्षं सर्व्हिस झालेला प्राध्यापक सरळ केबिनमध्ये जाऊन विचारतो. सव्वीस-अठ्ठावीस-तिशीतला गप्प बसतो. मीही गप्पच बसलो होतो, आणि त्याची किंमत त्या चाळीस नळ्यांनी मोजली. म्हणून हा प्रश्न विभागप्रमुखांनी आणि आम्ही जुन्यांनी, स्वतःच्या सहीने, मांडायला हवा. त्या पोरीच्या एकटीच्या अंगावर टाकू नये.

तिच्या विभागप्रमुखांशी काल बोललो. ते सही करायला तयार आहेत. अर्ज एका पानाचा आहे, मराठीत : पहिला हप्ता जमा होताच ओव्हरहेडची रक्कम लेखी कळवावी, लॅबची लाईन जनरेटरला जोडावी आणि तो खर्च त्यातूनच करावा. सोमवारी प्राचार्यांकडे इनवर्ड होईल. मसुदा कुणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा, पाठवतो.